एका शब्दाचा नट

इब्राहिमभाई,

तुम्हाला आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आणलं, तेव्हा अँब्युलन्सवरचा कुवेती पोरगा तुमचं तोंड बघून आधी हसला, असं मला खालच्या सिस्टरने सांगितलं. "हा तर टीव्हीवरचा माफी," म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तुम्ही आता उठणार नाही. खरं म्हणजे मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. मनात म्हटलं, इब्राहिमभाई गेले तेसुद्धा एंट्रीला हशा घेऊनच गेले.

दुकानात ईदचा माल उतरत होता म्हणे. कापडाचा तागा खांद्यावर घेतलात आणि तसेच खाली बसलात. मी वरच्या मजल्यावर वॉर्डात होते, दुपारी कळलं. आमचे हे दफनाला गेले, इथल्याच वाळूत मूठ टाकून आले, आणि घरी येऊन बूट न काढता बराच वेळ बसून राहिले. मी एरवी बूट घालून आत आलेल्या माणसाला सोडत नाही. त्या दिवशी मीच वाकून त्यांचे बूट काढले.

आता रमजानही उतरणीला लागलाय. रोज हवल्लीच्या बाजारातून जाते तेव्हा तुमच्या दुकानासमोरून न जाता पलीकडच्या फुटपाथने जाते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सिस्टर, माज्यावर लिवताय? मग खोटं लिवा. खरं लिवलंत तर कोण वाचणार नाय." पण मी खरंच लिहिणार. मी फटकळ आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तो पहिला दिवस तुम्ही सगळ्यांना चुकीचा सांगत आलात. तुम्ही सांगायचात की सिस्टरनी मला गळा धरून स्टेजवर ओढला. गळा नव्हे, दंड धरला होता. आपल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा फार्स होता. मंडळ म्हणजे तरी काय, इथले मराठी डॉक्टर, आम्ही नर्सेस, लॅबवाले आणि आमची बायका-माणसं. शाळेचा हॉल मागून घेतलेला. त्यात माझा नवरा होणार होते भूल देणारे डॉक्टर, आणि ऐन वेळी त्यांना ऑपरेशनला बोलावणं आलं. तेवढ्यात तुम्ही पडद्याचं कापड घेऊन आत आलात. मी तुम्हाला मराठीत कोणाशी तरी वाद घालताना ऐकलं आणि म्हटलं, मराठी बोलता ना, मग उभे राहा.

"पण बोलायचा काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"काही नाही. मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. नवरा आहात."

तुम्ही ऐकलंत. सबंध फार्सभर मी तावातावाने बोलत होते, भाषणं पाठ करून करून माझा घसा बसला होता, आणि तुम्ही नुसते उभे राहून खांद्यावरच्या त्या पडद्याचा एक सुटलेला दोरा ओढत होतात. दोरा लांब लांब होत गेला. मी ओरडले की तुम्ही थांबायचात, मी श्वास घेतला की पुन्हा ओढायचात. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पाठांतर माझं आणि टाळ्या तुम्हाला. पडदा पडल्यावर मी तुम्हाला फाडून खाल्लं असतं, पण मलाच इतकं हसू येत होतं की जमलं नाही.

हे कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणालात, शिमग्यात. तुमच्या खाडीकाठच्या गावात शिमग्याचे खेळे यायचे, आणि त्यातला संकासुर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. नुसता चालायचा. पोरं घाबरून पळायची आणि पळता पळता हसायची. तुम्ही गडग्यावर बसून त्याची चाल बघायचात. घरी आल्यावर तसे चालून दाखवलंत म्हणून वडिलांचा मार खाल्लात, आणि मार खातानाही म्हणे आईला हसवलंत.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी मंडळाच्या स्टेजवर तुमची बायको होते. तिथे मी तुम्हाला 'अहो' म्हणायची आणि तुम्ही मला 'अगो'. खाली उतरलं की इब्राहिमभाई आणि सिस्टर. आमचे हे पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचे. म्हणायचे, "इब्राहिमभाई, दोन तास हिचं सगळं ऐकून घेता आणि वर लोक तुम्हाला टाळ्या देतात. आम्हाला हे घरी फुकट करावं लागतं."

तुमच्या नशिबात पडदेच लिहिलेले. टीव्हीवरच्या एका मालिकेचा माणूसही तुमच्या दुकानात सेटसाठी पडद्याचंच कापड घ्यायला आला होता. काउंटरवर एक कुवेती बाई तुमच्याशी हुज्जत घालत होती. लाल आहे का? माफी. हिरवं? माफी. मग तुझ्याकडे आहे तरी काय? तुम्ही दुकानभर बघितलंत, गंभीर तोंड करून विचार केलात आणि म्हणालात, चाय आहे. बाई बसली, चहा प्याली आणि तिला नको असलेलं निळं कापड घेऊन गेली. टीव्हीवाल्याने पडदे घेतले आणि तुम्हालाही घेतलं.

या शब्दाबद्दल इथे सांगायला हवं, कारण हे वाचणारे सगळेच काही कुवेतला राहिलेले नसतील. नाही, संपलं, मिळणार नाही, हे सगळं कुवेती माणूस एका शब्दात सांगतो, 'माकू'. आपण परदेशी लोक तेच 'माफी' म्हणतो. पाणी माफी म्हणजे पाणी नाही. रजा माफी म्हणजे रजा मिळणार नाही. आणि आपल्याशी बोलताना कुवेतीही आपल्या सोयीसाठी माफीच म्हणतात. मी नवी आले तेव्हा एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं, "डॉक्टर माफी?" मला वाटलं, डॉक्टरांना माफ करा म्हणतोय. मी मोठ्या मनाने म्हटलं, "असू दे, असू दे." तो बिचारा डॉक्टर शोधत फिरत राहिला.

तेव्हापासून मी हा शब्द वर्ज्य केला. आपल्याकडे माफी मागायची असते, ती साखर संपली हे सांगायला वापरायची नसते. वॉर्डातल्या बायकांजवळ बसून मी नीट अरबी शिकले, माकूच म्हणत आले, आणि दुसऱ्यांचंही दुरुस्त करत आले. ज्युनिअर नर्सेस पाठीमागे मला मास्तरीण म्हणतात ते मला माहीत आहे. आणि माझ्याच स्टेजवरच्या नवऱ्याने नाव काढलं ते नेमकं याच शब्दावर.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी तुम्हाला नुसता चहाचा ट्रे न्यायचा होता. बोलायचं नाही, अशी ताकीद होती. पण त्या मालिकेतला मुख्य नट खोडकर. त्याने मध्येच विचारलं, साखर कुठे आहे? तुमच्या तोंडून दुकानातलं उत्तर गेलं, "शक्कर माफी." सगळं युनिट हसलं. दिग्दर्शक म्हणाला, तेच परत म्हण. तुम्ही परत म्हणालात, पण या वेळी आधी कपात डोकावून बघितलंत. हे सांगताना माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही आमचा कप घेऊन ते करून दाखवलंत. मी कढईतले पोहे ढवळायला विसरले आणि ते खाली लागले. नोकरी तुम्हाला त्या डोकावण्याने मिळाली, शब्दाने नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला ते कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुम्ही डोक्यावर बसला असतात.

मग तुम्ही मालिकेतल्या घरातला नोकर झालात. नाव कुमार. "दुकानात इब्राहिम, टीव्हीवर कुमार. वर गेल्यावर हजेरी कुठल्या नावानं लावू?" म्हणायचात. दर भागात तुमचा तो एक शब्द. आणि त्या एका शब्दाची तुम्ही माझ्या ओट्यापाशी उभं राहून तालीम करायचात. आळशी माफी. घाबरलेली माफी. साखर मीच खाल्ली ती माफी. साखर आहे पण तुला देणार नाही ती माफी. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि नापास करायची. "ही कालचीच," म्हटलं की पुन्हा दाराबाहेर जाऊन यायचात. दुकानाचा अरबाब, म्हणजे कुवेती मालक, आधी कुरकुरला, मग त्याच्या दिवाणखान्यात मित्र तुमचं नाव घ्यायला लागले तसा स्वतःच्या गाडीने तुम्हाला शूटिंगला सोडायला लागला. हवल्लीत पोरं मागून ओरडायची, "माफी!" आणि तुम्ही वळून खिसे उलटे करून दाखवायचात.

आपलं भांडण सुरू झालं ते माझ्या वॉर्डात. एका बाईने माझ्याकडे पाणी मागितलं, आणि मी वळेपर्यंत तिची बहीण तुमच्या आवाजात म्हणाली, "माफी." सगळ्या हसल्या. मी ड्युटी संपवून तशीच दुकानात आले. तुम्ही कापड मोजत होतात.

"तुमच्यापायी उद्या कोणी आम्हाला नोकर म्हणून हाक मारेल," मी म्हटलं. "ते आपल्या बोलण्याला हसतात, इब्राहिमभाई. तुम्ही त्यांना हसायला शिकवताय."

"मी शिकवायच्या आधीपास्नं हसतात," तुम्ही मोजायचा मीटर खाली न ठेवता म्हणालात. "आता निदान मी सांगतंय तेव्हा हसतात."

"मोठा फरक पडला."

"पडतो. आणि बघा, त्या नाटकात साखर कोणाची संपते? शेटची. मी माफी म्हणतंय आणि शेट फिका चहा पितो. लोक कोणाला हसतात?"

"तुम्हाला."

"माज्याकडे बघून हसतात. हसतात शेटला."

मी म्हटलं, हा वकिली कावा झाला. तुम्ही म्हणालात, सिस्टर, चहा घ्या. मी म्हटलं, माफी असेल. तुम्ही इतके हसलात की मीटर हातातून पडला. पण मी तो शब्द चिडून, तुमचा म्हणून म्हटला होता, तेव्हा तो धरायचा नाही. भांडण काही मिटलं नाही. दर चार-सहा महिन्यांनी ते आपण पुन्हा काढायचो, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम राहायचो.

एकदाच मी जागा बदलली. तुम्ही एका दुसऱ्या मालिकेत दुकानदाराचं काम मागितलं होतं. नीट अरबी बोलणारा, बायकामुलं असलेला माणूस. महिनाभर मी तुमच्याकडून ते संवाद घोकून घेतले. तुमचं उच्चारण माझ्याहून चांगलं झालं, हे आता लिहायला हरकत नाही. तुम्ही गेलात, उभे राहिलात, सगळं न अडखळता बोललात. समोरच्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, आता हेच कुमारसारखं बोल. तुम्ही आमच्याकडे आलात, पायरीवर बसलात आणि म्हणालात, "तुमचा खरा होता, सिस्टर." तुम्ही असं कधी म्हणाल यासाठी मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती, आणि म्हटलंत तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही. मी म्हटलं, काही खरं नाही माझं, उठा, हात धुवा, जेवायला वाढते. त्या दिवशी मी तुमच्या बाजूने त्या लोकांना ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून आमचे हे आतल्या खोलीत निघून गेले.

जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "एक दिवस ह्याच शब्दावर रडवून दाखवतंय. तुमाला."

"मला?" मी म्हटलं. "डोळ्यांदेखत माणूस गेलं तरी पुढच्या बेडचं बीपी घेणारी बाई मी."

"म्हणून तर तुमाला."

आणि हलीमाभाभी. तुमच्या बायकोबद्दल तुम्ही सगळी मजाच सांगायचात, आणि ती मजा होतीही. पहिल्या रजेत तुम्ही घरी सांगितलंत की आता मी टीव्हीत काम करतो. गावात तोवर टीव्ही कोणी बघितला नव्हता. भाभी समजल्या, नवरा टीव्ही दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवसापासून लोक बिघडलेले ट्रान्झिस्टर घेऊन तुमच्या ओटीवर. तुम्ही खरं सांगणार होतात, पण तुमचे सासरे जवळ बसलेले, आणि नाटकात तोंड रंगवणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याला बट्टा. तेव्हा तुम्ही ट्रान्झिस्टर उघडलेत, आत फुंकलंत आणि म्हणालात, पार्ट माफी. पुढच्या वेळेला आणतो. एवढ्यावर तुम्ही आम्हाला हसवायचात.

मग रजा चुकायला लागल्या. शूटिंग नेमकं ईदच्या आधी. एक ईद गेली, दुसरी गेली. भाभी कॅसेटवर आवाज भरून पाठवायच्या. एकदा तुम्ही ती आमच्याकडे लावलीत, कारण तुमचा टेप अडकत होता. घरच्या गोष्टी, विहिरीचं पाणी, आंबा कसा आलाय ते, आणि शेवटी, "लोकांचे टीवी नीट करताव, आपला संसार कवा नीट करायचा?" मी टेप बंद केला. तुम्ही त्या दिवशी कुमार केला नाहीत.

तुम्ही म्हणालात की भाभींची एकदा नीट माफी मागायची आहे. इतकी वर्षं एकटीने काढली तिने. मागच्या रजेत तुम्ही ठरवूनच गेला होतात. ती चुलीपुढे होती, तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "हलीमा, माफी," आणि तुम्हाला हसू फुटलं. थांबेना. इथे दिवसभर त्या शब्दावर लोक हसतात, तो तोंडात आला की तुमचे गाल आपोआप तसे व्हायचे. भाभींना वाटलं, नवरा टिंगल करतोय. त्यांनी भाताचं भांडं आदळलं आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. "जो शब्द हवा होता तोच मी विकून बसलंय, सिस्टर," तुम्ही म्हणालात. मी उठून चहा टाकला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तुमची आई गेली. दुकानात तार आली. जाऊन पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं, तुम्ही गेला नाहीत. संध्याकाळी अरबाब आला आणि नेहमीसारखं विचारलं, "उम्मक शलोनहा?" आई कशी आहे? तुम्ही इतकी वर्षं इथे, माझ्याकडून संवादही घोकलेले, पण आई गेली हे सांगायला त्या क्षणी तुमच्या तोंडात एकच शब्द आला. तुम्ही म्हणालात, "माफी." अरबाब सवयीने हसायला लागला. मग त्याने तुमचं तोंड बघितलं. त्याने दुकानाचं शटर स्वतःच्या हाताने ओढलं आणि तुमच्याजवळ खाली बसला. हे तुम्ही मला सांगितलंत, आणि शेवटी म्हणालात, "सिस्टर, तो आधी हसला ना, तिथंच सगळा होता." मला वाटलं दुःखाने बोलताय. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला नंतर कळलं.

या रमजानसाठी मालिका नवी होती. तिच्यात कुमारची आई मरते असा प्रसंग लिहिलेला. मोडक्या अरबीत पानभर रडणं. तुम्ही दिग्दर्शकाला म्हणालात, हे सगळं काढा, मला एक शब्द द्या. तो म्हणाला, त्याच्यावर लोक हसतील. तुम्ही म्हणालात, आधी हसू देत. कितीतरी वाद झाला आणि शेवटी त्याने तुम्हाला हवं तसं करू दिलं. शूटिंग करून आलात तेव्हा तुम्ही मला काय केलं ते सांगायलाच तयार नव्हतात. "रमजानात बघा. आणि घरी भाईंना सांगा, व्हिडिओवर भरून ठेवायला. ह्या ईदला ती कॅसेट घेऊन जातंय. बाजारपेठेत एकाकडं व्हिडिओ हाय. हलीमाला समोर बसवतंय, काय काम करतंय ते दाखवतंय. मग जे बोलायचं ते बोलतंय."

"हसू आलं तर?"

"नाय येणार. त्या शब्दातलं हसू काढून टाकलंय मी."

मी म्हटलं, बघू. आपलं शेवटचं बोलणं हे एवढंच.

तुम्ही गेल्यानंतर तो भाग लागला, त्या दिवशी माझी ड्युटी होती. इफ्तार झाला, बायकांच्या वॉर्डात टीव्ही लावला. खिडकीजवळ एक हज्जिया आहे, हज करून आलेली म्हातारी, मांडीचं हाड मोडलेली. तुम्ही दिसलात की तिचा पलंग हलतो. मी तिला रागावते, हाड जुळायचंय, कमी हस. ती म्हणते, त्याला सांग.

तुम्ही ट्रे घेऊन आलात. घरातल्या बाईने विचारलं, साखर? माफी. हज्जिया हसली. बिस्किटं? माफी. सगळ्या हसल्या. मी थर्मामीटर झटकत उभी होते. मग ती बाई तुमच्याकडे नीट बघते, आणि म्हणते, घरून फोन आला होता ना? उम्मक शलोनहा? तुम्ही कपात डोकावलंत. पहिल्या दिवशी डोकावलात तसंच, तेवढाच वेळ. मग मान वर करून सरळ समोर बघितलंत, आमच्याकडे, आणि म्हणालात, "माफी."

हज्जिया हसली. सगळा वॉर्ड हसला. आणि मग एकेक हसू बंद होत गेलं. शेवटी कोपऱ्यातल्या एकीचंच राहिलं, आणि तिने बाकीच्यांकडे बघितलं आणि तीही थांबली. टीव्हीवर तुम्ही ट्रे उचलून आत गेलात. संकासुराच्या चालीने नव्हे. साधे चालत गेलात.

मी तुमच्याशी पैज हरले, इब्राहिमभाई. थर्मामीटर हातात धरून भर वॉर्डात रडले. आणि भांडणही हरले. लोक कोणाला हसतात त्याचं उत्तर तुम्ही त्यांच्याच तोंडून घेतलंत.

हज्जियाने शेल्याने डोळे पुसले आणि विचारलं, "सिस्टर, हा हिंदी माणूस तुझ्या ओळखीचा?" मी म्हटलं, कितीतरी वर्षं माझा नवरा होता, नाटकात. ती हसली, आणि म्हणाली, "कुठे असतो आता? त्याला सांग, एका म्हातारीने तुझ्या आईसाठी दुवा केली."

माणूस गेला हे सांगण्याच्या दोन-तीन चांगल्या अरबी रीती मला येतात. मला त्या धंद्याचा भाग म्हणून वापराव्या लागतात, आणि मी त्या शांतपणे, नीट उच्चारून वापरते. त्यातली एकही आली नाही. इतकी वर्षं चिडल्याशिवाय तोंडात न घेतलेला शब्द आला. मी म्हटलं, "माफी."

तिला कळलं. तिने माझा हात धरून ठेवला.

आमच्या ह्यांनी तो भाग घरी भरून ठेवलाय. पाकिटावर तुमचं नाव लिहिलंय, कुमार नव्हे, इब्राहिम. ईदनंतर आम्ही रजेवर निघतोय. ह्यांना आधी त्यांच्या आईकडे जायचं होतं, मी म्हटलं, आधी रत्नागिरी, भाभींकडे. तुमचे सासरे आता राहिले नाहीत, बट्ट्याची भीती नको. बाजारपेठेतल्या त्या व्हिडिओवाल्याकडे भाभींना घेऊन जाईन. 'भाभी, हे काम तुमचे ते करायचे, ट्रान्झिस्टर फुंकायचे नाहीत,' हे मी सांगेन. तेवढं मी नीट सांगेन, काळजी करू नका.

मग ती कॅसेट लागेल. भाभींना अरबी येत नाही. ती बाई तुम्हाला काय विचारते ते त्यांना कळणार नाही. कपात काय बघता तेही कळणार नाही. त्यांना दिसेल एवढंच की आपला नवरा समोर उभा आहे, तोंडावर हसू नाही, तो मान वर करून सरळ आपल्याकडे बघतो आणि एकच शब्द म्हणतो. सबंध कॅसेटमध्ये भाभींच्या भाषेतला तेवढा एकच शब्द आहे.

त्या माझ्याकडे वळतील आणि विचारतील, "सिस्टर, माज्याकडंच बघून बोल्ले ना?"

मी जन्मभर लोकांचे शब्द दुरुस्त करत आले. भाभींना मी 'हो' म्हणणार आहे.